सुईणीचा हात आणि आज्जीची वाकळ: या विद्येतून नवं काही घडवायचं कसं

सुईणीचा विषय निघाला की लोक दोन टोकांना जातात. काही जण "काय ते हात होते!" म्हणून नमस्कार करतात, काही जण "सगळा अडाणीपणा" म्हणून मोडीत काढतात. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते. ती बाई नेमकं काय करायची, कोणत्या बोटाने, कधी आणि कशासाठी, हे कुणी विचारत नाही. चित्र काढणाऱ्याला, कापड घडवणाऱ्याला, नाटक बसवणाऱ्याला, लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल असं जे काही आहे ते त्या करण्यातच आहे.

पुढे आधी सुईणीची विद्या आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली ते सोलापूर भागातल्या उदाहरणांनी पाहू. मग बाळंतविड्यातल्या (बाळ-बाळंतिणीला द्यायच्या कपडे-वस्तूंतल्या) दोन वस्तू, वाकळ (गोधडी) आणि कुंची (टोपरं आणि त्याला जोडलेली, पाठीवर पडणारी झूल), मापासकट घेऊ. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: हे घरी बाळंतपण करण्याचं मार्गदर्शन नाही. महाराष्ट्रात आज नव्वद टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि तीच योग्य जागा आहे. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की 102 किंवा 108 ला फोन करायचा.

हाताला काय कळायचं

पोटाला तेल लावून सुईण दोन्ही तळवे ठेवायची. वरून खाली, मग दोन्ही कुशींना. डोकं कडक आणि गोल लागतं, दोन तळव्यांत धरून हलवलं तर वेगळं डुलतं. बूड मऊ असतं आणि हलवलं तर सगळं अंगच हलतं. पाठीची बाजू सलग लागते, समोरच्या बाजूला हातापायांचे उंचवटे. वैद्यकीय महाविद्यालयात हेच चार टप्प्यांत शिकवतात आणि त्याला लिओपोल्ड या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टरांचं नाव आहे. सुईणीच्या तपासणीला कुणाचं नाव नाही, एवढाच काय तो फरक.

यात बारकावा दाबाचा आहे. बोटांची टोकं रोवली की पोट आवळतं आणि मग काहीच कळत नाही, म्हणून तळवा. कळ आली की हात तसाच ठेवून थांबायचं, कळ ओसरली की पुढे. आणि बिघडायचं तेही इथेच. मूल आडवं आहे हे ओळखणं ही विद्या होती, पण ते जोर लावून फिरवायला जाणं हा जिवाशी खेळ. वार (प्लासेंटा) आधीच सुटते, गर्भाशय फाटतं, आतल्या आत रक्त जातं. बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबणंही तसलंच. ओळखणारा हात आणि ढकलणारा हात यांत फरक न करता सुईणीची आरती ओवाळणारे लेख पुष्कळ सापडतात. त्यांपासून सावध राहावं.

हाताने काम करणाऱ्या कुणालाही यातून एक चांगला सराव मिळतो. जाड सोलापुरी चादर चौपदरी घडी करा. तिच्याखाली दुसऱ्या कुणीतरी दुधी भोपळा, पालथी वाटी, कपड्याची बाहुली असं काही ठेवावं. आधी डोळे मिटून फक्त तळव्यांनी पाच मिनिटं चाचपायचं, मग कागदावर काढायचं. पहिल्या वेळी बहुतेक जण बाह्यरेषा काढतात, कारण डोळ्यांना तीच सवय असते. तीन-चार वेळा केल्यावर रेषा जाऊन कडक-मऊ, जड-हलकं असे भाग कागदावर यायला लागतात. मातीत काम करणाऱ्यांना हे लगेच जमतं, संगणकावर डिझाइन करणाऱ्यांना वेळ लागतो.

थांबायचं किती

सुईणीचं थांबणं म्हणजे बसून राहणं नव्हतं. बाईला चालवायची, उकिडवी बसवायची, मेढीला किंवा आढ्याच्या दोराला धरून ओणवं व्हायला लावायची. उभ्या किंवा उकिडव्या स्थितीत बाळाच्या वजनाचा उपयोग होतो आणि कटीची वाट थोडी मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी इथवर आल्या आहेत: कळांचा नेटाचा टप्पा गर्भपिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर धरावा, दर तासाला 1 सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट धरू नये, बाईला हवी ती बसण्या-उठण्याची पद्धत आणि जवळ हवं ते माणूस असावं. जवळच्या बाईला प्रसूतिगृहात येऊ द्यावं अशी सूचना केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांना 2016 मध्येच दिली होती.

नाळेचंही तसंच. बहुतेक सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. तेवढ्या वेळात वारेतलं साधारण 80 ते 100 मिलिलिटर रक्त बाळात उतरतं आणि पुढचे काही महिने त्या लोहावर निभतं. मधे कित्येक वर्षं दवाखान्यांत बाळ बाहेर आल्याबरोबर नाळ चिमटायची पद्धत होती. आता निदान 1 मिनिट थांबा असं सांगतात.

पण थांबण्याला हद्द हवी, आणि ती माहीत नसल्याने बायका आणि बाळं गेली. बाळ रडलं नाही की काही ठिकाणी नाळेला लागून असलेली वार तव्यावर किंवा गरम पाण्यात शेकायचे, म्हणजे जीव नाळेतून बाळात परत येईल. बाळाला श्वास घ्यायला लावण्याचं काम पहिल्या मिनिटात व्हावं लागतं, आणि ते मिनिट वार शेकण्यात जायचं. आईचं अर्धा लिटरहून जास्त रक्त गेलं, किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर पुढे थांबण्यात शहाणपण नाही. जुन्या जाणत्या सुईणींना "केव्हा हात काढून घेता आणि गाडी बोलावता?" असं विचारलं की खरी विद्या बाहेर येते. कोणत्याही कलेत, "केव्हा थांबता?" पेक्षा "केव्हा थांबत नाही?" हा प्रश्न जास्त माहिती देतो.

कळा लांबल्या की घरातली कुलपं उघडायची, पेट्यांची झाकणं काढायची, बाईची वेणी सोडायची, गाठी सोडायच्या. कुलूप उघडल्याने पिशवीचं तोंड उघडत नाही, हे सुईणीलाही ठाऊक असावं. पण घाबरून दारात उभ्या असलेल्या चार माणसांना काम मिळतं आणि आतल्या बाईला घरभर "उघड, सैल हो" एवढंच ऐकू येतं. मुसलमान घरांत यासाठी मरियमचा पंजा असतो. ही वाळवंटी झुडपाची वाळलेली मूठ. पाण्यात ठेवली की काही तासांत उलगडते. झुडूप मेलेलंच असतं. वाळलेल्या काड्या पाणी शोषून फुगतात आणि सरळ होतात, बस्स. सुकवलं की मूठ पुन्हा मिटते, म्हणून एकच पंजा आळीभर फिरतो. वेळ मोजायची ही काट्याशिवायची युक्ती आहे. ते पाणी मात्र गरोदर बाईला पाजू नये. रंगमंचावर किंवा दालनातल्या मांडणीत वेळ दाखवायची असेल तर घड्याळाची टिकटिक किती वर्षं वापरायची? इथे उलगडायला तीन तास लागणारी वस्तू हाताशी आहे.

कुणाकडून कुणाकडे

आईच्या वंशाने चालणारं शहाणपण म्हटलं की मेघालयातले खासी आणि गारो आठवतात. तिथे कूळ आईचं लागतं, आणि खासींमध्ये धाकट्या लेकीकडे घर राहतं. सोलापुरात तसं नाही. आडनाव, कुळ, जमीन सगळं बापाकडून. तरीही इथल्या घरांत एक आडवी वाट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. त्या दोन-तीन महिन्यांत लेक आपल्या आईचे हात फार जवळून बघते: बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, टाळूवर तेल किती, शेपूची भाजी आणि अळिवाची खीर कोणत्या दिवसापासून, दुपटं कसं गुंडाळायचं. ही घरगुती विद्या आईकडून लेकीकडे जाते.

सुईणपण मात्र बहुतेक वेळा सासूकडून सुनेकडे गेलं, आणि त्याचं कारण साधं आहे. सुईणीची घरं ठरलेली असत. ती घरं तिच्या सासरच्या गावात. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तर घरं सुनेकडेच येणार. कामाची शिकवण अशी की सून आधी पाणी तापवायची, मग पाठ धरायची, मग बाळ पुसायची. नाळेला हात लागायला काही वर्षं जायची.

जात टाळून हा विषय सांगता येत नाही. नाळ कापणं विटाळाचं मानलं जायचं, म्हणून ते काम बहुतेक ठिकाणी मातंग आणि इतर दलित बायकांकडे, कुठे न्हाव्याच्या घरातल्या बाईकडे होतं. जिच्या हातावर घराचा वंश सोपवायचा, तिला काम संपल्यावर ओसरीवरून सुपात धान्य, नारळ आणि लुगडं-खण देऊन वाटेला लावायचं. "आज्जीबाईचं शहाणपण" म्हणून सुंदर चित्रं काढताना ही बाई बहुधा गोरी, ठसठशीत कुंकवाची आणि वाड्यातली दाखवतात. ते खोटं आहे, आणि आळशीपणाचंही.

शिकवलं तर हीच माणसं काय करू शकतात हे आपल्या शेजारीच दिसलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या चमूने गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. 1999 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. केंद्र सरकारने 2018 मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात परिचारिकांना 18 महिन्यांचं जादा शिक्षण देऊन सुईणशास्त्रात तयार करायचं ठरलं. युनेस्कोने डिसेंबर 2023 मध्ये सुईणविद्येला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं, ते कोलंबिया, नायजेरिया, जर्मनी अशा आठ देशांच्या अर्जावर. त्या आठांत भारत नाही.

पाचवीचा कोरा कागद

पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहिते, म्हणून पाट्या-वरवंट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत, कुणीतरी जागतं. नवजात बाळांचे सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. नाळेला शेण, राख, चुलीतली माती लावायच्या काळात धनुर्वात तिसऱ्या दिवसापासून पुढे केव्हाही दिसायचा: बाळ अंगावर ओढणं सोडायचं, मग ताठ व्हायचं. शेणामातीत त्या जंतूंची बीजं असतात. स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळेला काहीही न लावणं आणि आईला लस एवढ्यावर हा रोग आटोक्यात आला. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. पाचवीची जाग त्या भीतीतून आली असावी असा आमचा कयास आहे. पुरावा म्हणून तो मांडू नये.

लिहिणाऱ्याला ओव्यांकडे बघता येईल. जात्यावरच्या ओवीचे दोन ओळींचे तुकडे असतात. प्रत्येक ओळ मधे थोडी थांबते, कारण खुंटा फिरवताना श्वास तिथे बदलतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. घाट कळावा म्हणून इथे रचलेला एक नमुना:

वाकळ शिवते मी, पदर माझ्या मायीचा
टाक्या-टाक्यात गं, हात फिरे सुईणीचा

अशी ओवी टेबलाशी बसून रचली की पुस्तकी होते (वरचीही थोडी झालीच आहे). काहीतरी हाताने करत रचावी: कणीक मळताना, बिडी वळताना, टाके घालताना. शब्द जास्त झाले की हातच अडतो, आणि तोच संपादक.

वाकळ

मराठी घरात वाकळ किंवा गोधडी, कन्नड घरात कौदी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात बोंता. बाळाच्या वाकळेसाठी जुनं सुती लुगडंच का? कित्येक धुण्यांनी खळ आणि जादा रंग निघून गेलेला असतो, सूत मऊ झालेलं असतं, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. नवं कापड घेतलंत तर पहिल्या धुण्यात एक पदर आटतो, दुसरा नाही, आणि वाकळेला कायमच्या सुरकुत्या पडतात. नवंच वापरायचं असेल तर आधी दोनदा गरम पाण्यात भिजवून वाळवा.

नऊवारी म्हणजे 324 इंच लांबी, पन्हा (रुंदी) साधारण 46 इंच. बाळाची वाकळ तयार मापात 36 बाय 30 इंच ठेवा, कापायची 38 बाय 32. पन्ह्यात 38 इंच घेतले की लांबीत 32 चे दहा तुकडे निघतात, आणि कडेने 8 इंची पट्टी उरते, ती गोट आणि बंदांना. दहाही तुकडे चांगले मिळत नाहीत. लुगडं उन्हाकडे धरून बघा: बसायच्या जागी आणि काष्ट्यापाशी जिथे उजेड जाळीसारखा येतो तो भाग बाद. साधारण सात तुकडे हाती लागतात. पाच पदरांची एक वाकळ झाली, दोन उरले. जरीचे काठ आधी उसवून काढा, त्यांनी बाळाची कातडी खरचटते. रंग जातो का बघायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. मग सगळं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, आणि कडक उन्हात वाळवण. तेवढं एक सोलापुरात फुकट आहे.

किती पदर? थंडीसाठी पाच. मार्च ते जूनमध्ये जन्मणाऱ्या बाळाला तीन पुरे, पारा चाळिशी ओलांडत असताना जाड वाकळेत गुंडाळलेलं बाळ घामोळ्यांनी आणि तापाने किरकिरतं. बाळ नीट आहे का हे सुईण हातानेच बघायची, आणि आजही तेच शिकवतात: पोट आणि तळपाय दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट, पाय गार, तर आणखी एक पदर. दोन्ही गार असतील तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दवाखाना गाठायचा.

आत भरायला सोलापुरात दोन गोष्टी सहज सापडतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. टॉवेलच्या कारखान्यातला टेरीचा तुकडा पाणी धरून ठेवतो, दोन दिवस वाळत नाही, आणि वरच्या पातळ सुतापेक्षा वेगळा आटतो. जुनी चादर बाळासाठी फार जड होते, शिवाय सुई जाताना बोटं सोलून निघतात. पॉलिएस्टरची साडी तर नकोच, ती दोन सुती पदरांमध्ये सरकते आणि ओल शोषत नाही.

पदर एकावर एक पसरले की लगेच शिवायला बसू नका. आधी कच्चे टाके: मध्यापासून चारही कडांना अधिकच्या चिन्हासारखे, मग कोपऱ्यांना फुलीसारखे, टाका तीन बोटं लांब. हे टाळलं की कडेकडून शिवत येताना ढिलाई मध्याकडे ढकलली जाते आणि शेवटी पोटात फुगा उरतो. तो कुठल्याही इस्त्रीने बसत नाही, उसवावंच लागतं. कच्चे टाके झाले की कडा अर्धा इंच आत दुमडून गोट घाला. मग बाहेरून आत, फेरीमागून फेरी, धावदोरा. दोन फेऱ्यांत अर्धा इंच, इंचाला पाच टाके. दोरा सुती, दुहेरी, सुईत ओवल्यावर दीड हाताहून लांब नको, कारण लांब दोऱ्याला पीळ पडतो आणि शेवटाकडे तो झिजलेला असतो. गाठ पदरांच्या मधे ओढून घ्यायची, बाळाच्या अंगाला लागता कामा नये. शेवटी कच्चे टाके उसवा.

हिशोब मांडून बघा. 36 बाय 30 म्हणजे 1080 चौरस इंच. अर्ध्या इंचाच्या फेऱ्यांनी टाक्याची लांबी 2160 इंच होते, म्हणजे साधारण 55 मीटर. इंचाला पाच धरले तर दहा हजार आठशे टाके. दुहेरी दोरा आणि पदरांची जाडी धरून दीडशे मीटर दोरा आणून ठेवावा. सराव असलेल्या हाताला रोज दीड-दोन तास बसून दोन आठवडे लागतात.

घडवणाऱ्यासाठी यातली गंमत पाठीमागे आहे. वरून ठिगळांची रचना दिसते, मागून फक्त टाक्यांची. शिवणारीचा हात थकला की टाका लांबतो, बोलण्यात रंगली की फेरी वळते, सुई बदलली की भोक बदलतं. जुनी वाकळ उलटी करून वाचायला शिका. मग तिची छपाई किंवा नक्कल करायची की नाही ते ठरवा. यंत्रावर "गोधडी टाका" म्हणून जे येतं त्यात टाके एका मापाचे असतात, म्हणून ते मेलेलं दिसतं. मापातली अनियमितता मुद्दाम घालायला गेलं तरी ते नाटकी होतं. ती थकव्यातूनच यावी लागते.

वाकळ बाळाच्या खाली घालायची. झोपलेल्या बाळाच्या तोंडापर्यंत पांघरू नये. बाळंतविड्यातल्या मोहरीच्या उशीबाबतही बालरोगतज्ज्ञ वर्षभर उशी नको म्हणतात.

कुंची

कुंची दोन चौकोनांत संपते, म्हणून नव्याने कापड कापायला शिकणाऱ्यांना ती द्यावी. खणाचं असो वा मलमलचं, 40 इंच पन्ह्याचं अर्धा मीटर कापड पुरतं. टोपरं 15 बाय 8 इंच, झूल 28 बाय 18 इंच. टोपऱ्याचा तुकडा 15 च्या बाजूने मधोमध दुमडा, घडी माथ्यावर येते. 8 इंचांच्या ज्या दोन बाजू समोरासमोर येतात त्या मानेच्या, त्या उघड्या राहू द्या. उभ्या दोन कडांपैकी मागची अर्धा इंच दाबून शिवा, पुढची दुमडून चेहऱ्याची कड करा. मानेशी 14 इंच कड मिळते. झुलीची 28 इंचांची वरची कड चुण्या घालून त्याच 14 इंचांत बसवा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 33 ते 35 सेंटिमीटर असतो, त्याला हे टोपरं सैलसर होतं आणि तीन-चार महिने पुरतं.

मागची शिवण आत उघडी ठेवली की टाळूच्या मागे रुतते. ती आडवी पाडून वरून दुसरा टाका घाला किंवा आतून मऊ अस्तर लावा. दुसरी चूक चुण्यांची: सगळ्या चुण्या पाठीकडे ढकलल्या की झूल मागून कुबडासारखी उठते. गळ्यापाशी दोन-दोन इंच सपाट सोडून उरलेल्या 10 इंचांत चुण्या सारख्या वाटाव्यात. बंद 8 इंचांहून लांब नकोत, आणि बारशाचा फोटो झाला की कुंची काढावी. बंद बांधून बाळाला झोपवू नये.

विचारायचं कसं, द्यायचं काय

घरातल्या आज्जीकडून किंवा वस्तीतल्या सुईणमावशीकडून हे शिकायचं असेल तर "तुमचं रहस्य सांगा" म्हणून बसू नका. उत्तर येईल, "काय नाय बाळा, देवाची करणी." हातात उशी आणि बाहुली द्या आणि म्हणा, "मावशी, दाखवा की कसं धरायचं." चित्रण करायचं तर हातांचं करा, चेहऱ्याची परवानगी वेगळी मागा, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा, कारण पहिल्या दिवशी माणूस भिडेपोटी हो म्हणतं. कुणाच्या बाळंतपणाची हकिगत निघाली तर त्या बाईचं नाव, गाव, साल गाळून टिपा. ती गोष्ट सुईणीची असली तरी शरीर दुसरीचं होतं.

आणि पैसे. एका बाळवाकळेला वरच्या हिशोबाने पंचवीसेक तास जातात, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने तीन दिवसांहून जास्त मजुरी. जत्रेत वाकळेचा भाव करताना लोक कापड जुनं म्हणून किंमत पाडतात. कापड जुनंच असतं, मजुरी ताजी असते. तुम्ही तिच्या टाक्याचा नमुना घेऊन साड्या, पिशव्या, पुस्तकाचं मुखपृष्ठ करणार असाल तर तीन दिवसांची मजुरी आधी, नमुना वापरण्याचे वेगळे, आणि मालावर नाव घालायचं की नाही हे तिला विचारून. कित्येक जणी नाव नको म्हणतात, कारण पूर्वी या कामाने जात ओळखली जायची. नको म्हणाली तर घालू नये, मजुरी मात्र तेवढीच राहते.